आधी रतीब, मग म्हैस

(आपल्या १९९९च्या दहावीच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शाळेत असताना मी या व्यासपीठावर एकदाच चढलो होतो, तेही खुर्च्या उचलायला. आज माईक हातात आहे, त्यामुळे थोडी भीती वाटते आहे. समितीने मला सांगितलं, "तू कारखाना काढलास, तुझ्या यशाबद्दल वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, यशाबद्दल पाच मिनिटं पुरतील. उरलेली पंधरा मिनिटं मी अपयशाबद्दल बोलतो, त्याचा जास्त उपयोग होईल.

हे म्हणण्याला कारण आहे. गेल्या वर्षभरात आपल्याच तुकडीतल्या चौघांनी मला वेगवेगळे फोन केले. एकाला नोकरी सोडून ॲप काढायचं आहे. एकीला घरगुती पिठांचा ब्रँड करायचा आहे. एकाने भविष्यनिर्वाह निधीची रक्कम काढायचा अर्जही भरला आहे. चौघांनी मला एकच प्रश्न विचारला, "कल्पना कशी वाटते?" आणि चौघांनाही मी एकच उत्तर दिलं, "मला कशी वाटते याला काडीची किंमत नाही." दोघं थोडे रागावले. त्यांची माफी मागून आज त्या उत्तराचा अर्थ सांगतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना आमचे अण्णा आठवत असतील. सायकलला दोन्ही बाजूंना किटल्या लावून ते गावातून स्टेशनपर्यंत दूध घालायचे. आपल्या दोन सरांकडेही आमचाच रतीब होता. त्यामुळे माझे गुण मला कळायच्या आधी अण्णांना कळायचे. पुढे मी डिप्लोमा केला आणि २००२ साली चाकणच्या पट्ट्यातल्या एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला लागलो. अकरा वर्षं तिथे काढली. यंत्र बंद पडलं की धावायचं, सुरू झालं की घाम पुसायचा. तिथेच माझ्या डोक्यात एक कल्पना आली. कोणतं यंत्र किती वेळ बंद होतं आणि का बंद होतं, हे मालकाला घरबसल्या कळलं तर? प्रत्येक प्रेसला एक डबी लावायची. ती वेळ मोजेल आणि मालकाच्या मोबाइलवर संदेश पाठवेल.

मी अगदीच अविचाराने उडी मारली नाही, असं मला तेव्हा वाटत होतं. भोसरी, चाकण आणि तळेगाव एमआयडीसीतल्या २६ वर्कशॉपवाल्यांना मी भेटलो. प्रत्येकाला कागदावरचं चित्र दाखवलं आणि विचारलं, "असं काही निघालं तर घ्याल का?" २६ पैकी २४ जण म्हणाले, "वा, छान आहे. काढा, काढा. आपल्या मराठी पोराने हे करायलाच पाहिजे." चहा पाजला, पाठ थोपटली. मी घरी येऊन पत्नीला सांगितलं, "बाजार तपासून झाला."

२०१३च्या दिवाळीनंतर मी नोकरी सोडली. इंदुरीच्या बाजूला आमची थोडी जमीन होती, त्यातली तीन गुंठे विकली. पत्नीच्या बांगड्या गहाण ठेवल्या. १४ महिने आणि ९ लाख रुपये घालून २० डब्या तयार केल्या. एकीची किंमत ३२ हजार ठेवली. मग वही काढून त्या २४ जणांकडे पुन्हा गेलो.

विकल्या गेल्या चार. त्यातली एक माझ्या मावसभावाने घेतली, म्हणजे ती खरं तर विकली गेली नाही. दोन सहा महिन्यांत परत आल्या. बाकीच्यांनी कोणी दार लावलं नाही, कोणी अपमान केला नाही. सगळे तितक्याच प्रेमाने बोलले. "मार्चनंतर बघू." "पार्टनरला विचारतो." "सध्या जरा पेमेंट अडकलंय." एका वयस्कर मालकांनी मात्र खरं सांगितलं, आणि त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ते म्हणाले, "अरे, माझ्याकडे सहा प्रेस आहेत आणि मी दिवसभर त्यांच्यामध्येच उभा असतो. कोणती बंद आहे ते मला कानाने कळतं. त्यासाठी ३२ हजार कशाला देऊ?" मी विचारलं, "मग तेव्हा छान आहे का म्हणालात?" ते म्हणाले, "तू चित्र दाखवलंस. चित्र छानच होतं."

त्या २४ जणांपैकी कोणीही खोटं बोललं नव्हतं. मी प्रश्नच असा विचारला होता, की त्याला 'हो' म्हणायला काही लागत नव्हतं आणि 'नाही' म्हणायला माझं मन मोडावं लागत होतं. अशा वेळी भला माणूस 'हो'च म्हणतो.

आता आपल्या शाळेतली एक गोष्ट. आठवीतला आनंदमेळा आठवतो? आम्ही पाच मुलांनी लिंबू सरबताचा स्टॉल लावला होता. "सगळे सरबत पितातच" या हिशेबाने दोन बादल्या केल्या. थंडीचे दिवस होते. दीड बादली उरली आणि शेवटी ती आम्हीच प्यायलो. शेजारी आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचा कोथिंबीर वड्यांचा स्टॉल होता. तिने आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गावर्गांत वही फिरवली होती. नाव लिहायचं आणि एक रुपया आगाऊ द्यायचा. जेवढी नावं, तेवढ्याच वड्या तिच्या आईने केल्या. अकरा वाजता तिचा स्टॉल रिकामा आणि ती झोपाळ्यावर. ती आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि हसते आहे. बाई, तू तेव्हा जे केलंस ते मला कळायला १८ वर्षं आणि ९ लाख रुपये लागले.

हाच प्रश्न आपल्या पट्ट्यातल्या मोठ्या कंपनीलाही पडला होता. २०००-०१ या वर्षात टाटा मोटर्सला ५०० कोटींचा तोटा झाला. आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील, काका पिंपरीत होते, त्यामुळे ते दिवस घराघरांत आठवत असतील. त्यानंतर छोट्या मालवाहू गाडीचं काम सुरू झालं. गिरीश वाघ यांच्याकडे त्याचं नेतृत्व होतं. या चमूने नुसत्या ड्रॉइंग बोर्डवर बसून गाडी ठरवली नाही. सामान वाहणाऱ्या तीनचाकीवाल्यांना आणि ट्रकवाल्यांना भेटून विचारलं, की काय वाहता, किती लांब जाता, एका खेपेत किती सुटतात, अडचण कुठे येते. पुढे वाघ यांनी सांगितलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. एका तीनचाकीवाल्याला चारचाकी का हवी, तर गावात त्याला चांगलं स्थळ येईल म्हणून. भार, मायलेज, किंमत या रकान्यांत हे उत्तर कुठे बसलं असतं? समोर बसून बोलल्याशिवाय ते कळत नाही. मे २००५मध्ये पाऊण टन वाहणारी, दोन सिलिंडरची टाटा एस बाजारात आली, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. दोन वर्षांच्या आत एक लाख गाड्या गेल्या. लोकांनी तिला नाव दिलं छोटा हत्ती. आज आपल्या भाजी मंडईपासून मंडपवाल्यापर्यंत ती सगळीकडे दिसते.

पण गोष्ट इथेच संपवली तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. त्याच कंपनीने, वाघ यांच्याच नेतृत्वाखाली, पुढे नॅनो केली. जानेवारी २००८मध्ये दिल्लीत ती दाखवली तेव्हा जगभर चर्चा झाली. पावसात स्कूटरवरून जाणारं चौकोनी कुटुंब पाहून रतन टाटांच्या मनात ती कल्पना आली होती. कल्पना मोठ्या मनाची होती. २००९च्या एप्रिलमध्ये दोन लाखांवर लोकांनी पैसे भरून नोंदणी केली. तरीही पहिली लाट ओसरल्यावर मागणी टिकली नाही आणि २०१८मध्ये उत्पादन थांबलं. सिंगूरहून कारखाना साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांना आगी लागल्या, ही कारणं आहेतच. पण 'सर्वांत स्वस्त गाडी' ही ओळखच मारक ठरली, हे खुद्द रतन टाटांनी नंतर मान्य केलं. छोटा हत्ती घेणारा माणूस रोजच्या खेपांचा हिशेब करत होता. नॅनो घेणाऱ्याला दारात गाडी उभी करून शेजाऱ्याला दाखवायची होती. 'स्वस्त' या शब्दाने त्याचं मन राखलं गेलं नाही. यातून मी इतकंच घेतलं, की आगाऊ नोंदणी झाली म्हणजे सगळं झालं असं नाही. माणूस ती वस्तू कशासाठी घेतो आहे, ते कळेपर्यंत विचारायचं काम संपत नाही.

आपल्या गावातलं एक जुनं उदाहरण देतो. पैसा फंडाचा काच कारखाना आपल्या सर्वांना नावाने तरी माहीत आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभा करायची कल्पना काढली, गावोगाव फिरून निधी जमवला. लोकमान्यांनी तिला पाठबळ दिलं, आणि १९०८मध्ये तळेगावात कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो उभा केला. मी अडचणीत होतो तेव्हा एका मित्राने मला हेच उदाहरण दिलं होतं: "लोक पैसा देतात रे, आपणही वर्गणी काढू." मी बराच विचार केला आणि नको म्हणालो. त्या लोकांनी पैसा दिला तो देशासाठी. ती देणगी होती, चिमणीची किंमत नव्हती. त्या पैशातून काचकाम शिकलेले कारागीर तयार झाले, ते देशभरच्या कारखान्यांत पसरले आणि निधीचं सार्थक झालं. पण चिमणी विकायला दुकानात परदेशी चिमणीशीच टक्कर द्यायची होती. नातेवाइकाने, मित्राने, मावसभावाने दिलेला पैसा हा आपल्यावरचा लोभ असतो. तो जरूर घ्या, पण त्याला गिऱ्हाईक म्हणून मोजू नका.

आता अण्णांकडे येतो. डब्या माळ्यावर गेल्या त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. अण्णा शेजारी येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोणी मागितली होती का रे ती डबी?" मी म्हणालो, "२४ जण हो म्हणाले होते." तेव्हा त्यांनी मला त्यांची १९७८ सालची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे एकच म्हैस होती. ज्यांच्याकडे रतीब होता ते सगळे दुधाची तारीफ करायचे. ती ऐकून त्यांनी कर्ज काढून दुसरी म्हैस घेतली. पण तारीफ करणाऱ्यांनी पावशेरही वाढवलं नाही. त्यांच्या घरी माणसं तेवढीच, चहा तेवढाच. चार महिने दूध पडत्या भावाने घातलं आणि शेवटी म्हैस चाकणच्या बाजारात तोट्यात विकली. त्यानंतर त्यांनी नियम केला. आधी नवी घरं फिरायची, पहिल्या तारखेपासून रतीब आणि आठवड्याचे पैसे आगाऊ असं ठरवायचं, दहा लिटरचं पक्कं झालं की मग म्हशीचा विचार. आधी रतीब, मग म्हैस.

मी विचारलं, "अण्णा, जमीन विकताना हे का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "सांगणार होतो. पण तू विचारायला आला नव्हतास, पाया पडायला आला होतास. आणि इतका खुशीत होतास की माझ्याने बोलवेना."

मित्रांनो, हे वाक्य मला नऊ लाखांपेक्षा जास्त लागलं. ज्याच्याकडे उत्तर होतं तो माणूस माझ्याच घरात होता. मी आशीर्वाद मागितला, त्यांनी आशीर्वाद दिला.

त्यानंतर दीड वर्ष मी पुन्हा नोकरी केली आणि बांगड्या सोडवल्या. २०१६मध्ये दुसऱ्यांदा सुरुवात केली. या वेळी मी चित्र नेलं नाही. ११ वर्कशॉपमध्ये गेलो आणि कल्पनेचा शब्दही काढला नाही. फक्त झालेल्या गोष्टी विचारल्या. "गेल्या महिन्यात रात्रीची झोप कशाने उडाली? मग काय केलंत? त्यात किती गेले?" पुढे काय घ्याल, हे विचारायचंच नाही असं ठरवलं होतं. माणूस पुढचं सांगताना उदार असतो, मागचं सांगताना खरा असतो.

११ पैकी ७ जणांनी थोड्याफार फरकाने एकच गोष्ट सांगितली. पत्र्याच्या पार्टवर नट वेल्ड करायचे असतात, एखाद्यावर एक नट राहून जातो, तो पार्ट मोठ्या कंपनीच्या लाइनवर पोहोचतो. मग रात्री अकराला फोन येतो, दोन माणसं टेम्पोत घालून पाठवायची, त्यांनी पहाटेपर्यंत तिथला सगळा माल तपासायचा, आणि वर महिनाअखेरीला डेबिट नोट. एकाने मला ड्रॉवरमधून अशा नोटांचा गठ्ठाच काढून दाखवला. डबीच्या वेळी कोणी ड्रॉवर उघडला नव्हता.

तरीही मी यंत्र बनवायला घेतलं नाही. सुताराकडून १,४०० रुपयांत सहा खुंट्यांची एक लाकडी चौकट करून घेतली. पार्ट तिच्यावर ठेवायचा, सगळे नट जागेवर असतील तरच तो नीट बसतो, एक जरी नसला तर डुगडुगतो. ती घेऊन मी स्वतः एका वर्कशॉपमध्ये लाइनच्या शेवटी स्टुलावर बसलो. १२ दिवस. ९ हजारांवर नग हाताने तपासले, त्यात १७ सापडले. मालक रोज संध्याकाळी यायचे आणि बाजूला ठेवलेले मोजायचे. मला काही सांगावं लागलं नाही. त्या १२ दिवसांत मला असंही कळलं, की कामगाराला घाई असली की तो चौकटीवर न ठेवताच पार्ट पुढे सरकवतो. म्हणजे खरं यंत्र करायचं तर तपासल्याशिवाय पार्ट सुटताच कामा नये. घरी बसून आराखडा काढला असता तर हे मला वर्षाने कळलं असतं.

मग सातही जणांना कागदावर लिहून दिलं: किंमत ३६ हजार, निम्मे आगाऊ, पाच आठवड्यांत यंत्र, नाही जमलं तर पैसे परत. आणि घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पत्नीसमोर लिहिलं: दोन महिन्यांत तीन चेक आले नाहीत, तर पुन्हा नोकरी. हे आधी लिहिणं फार महत्त्वाचं. नंतर मन फार हुशार होतं, दोनालाही तीन म्हणायला लागतं.

पहिल्या महिन्यात एकही चेक आला नाही. एक म्हणाले उधारीवर द्या. एक म्हणाले, "तू आपलाच माणूस, पैशांचं काय बोलतोस?" एकाने सांगितलं, "माझा माल थोडा असतो, मला ती लाकडीच दीड हजारात दे." मला आधी वाईट वाटलं, मग लक्षात आलं की त्यांचं बरोबर होतं. छोट्या मालाला लाकडीच पुरत होती. आजही आम्ही तशा चौकटी करून देतो. पाचव्या आठवड्यात १८ हजारांचा पहिला चेक आला. ५३व्या दिवशी तिसरा. मी चेक घेऊन घरी आलो तेव्हा अण्णांनी एवढंच विचारलं, "रतीब लागला का?" म्हटलं, "तीन घरं लागली." ते म्हणाले, "मग बघ म्हैस."

आज आमच्याकडे १४ माणसं कामाला आहेत आणि साठेक वर्कशॉपमध्ये आमची यंत्रं आहेत. फार मोठा धंदा नाही, पण पगार वेळेवर होतात. अण्णा २०१९मध्ये गेले. विकलेल्या तीन गुंठ्यांवर आता गोदाम उभं आहे. कामासाठी त्याच रस्त्याने जावं लागतं. ती जमीन परत घेणं आता माझ्या आवाक्यात नाही, आणि त्याबद्दल माझ्या आईने आजवर एक शब्द काढलेला नाही. म्हणूनच तो विषय माझ्यासाठी कधी संपत नाही.

कुणी म्हणेल, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोकांना विचारत बसले असते तर लोखंडी नांगर निघाला असता का? प्रश्न रास्त आहे. १९०३ साली बेळगावात त्यांनी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला ग्राहक मिळायला दोन वर्षं लागली. पण लक्ष्मणराव तेव्हा कडबा कापायची यंत्रं करून विकत होते. धंदा चालू होता, नांगर त्याच्या जोडीला होता. एका नांगरावर घरदार लावलेलं नव्हतं, म्हणून ते दोन वर्षं थांबू शकले. ज्या वस्तूची लोकांना कल्पनाच नाही ती करून दाखवावीच लागते. पण एक करून दाखवा, वीस करू नका.

२०२०च्या टाळेबंदीनंतर माझ्या डोक्यात आणखी एक कल्पना आली होती. ज्याची यंत्रं रिकामी आहेत त्याने ती दुसऱ्याच्या कामाला द्यायची, त्याचं एक ॲप. या वेळी मी ॲप केलं नाही. एक वही घेतली, व्हॉट्सॲपवर गट केला आणि तीन आठवडे स्वतःच मध्यस्थ झालो. एकही मालक आपली डाय दुसऱ्याच्या शेडमध्ये ठेवायला तयार झाला नाही. भरवशाचा प्रश्न होता, आणि तो ॲपने सुटणारा नव्हता. कल्पना सोडून दिली. खर्च झाला पेट्रोलचे २,२०० रुपये. माझ्या धंद्यातलं सगळ्यात मोठं यश कोणतं असं विचाराल तर मी हे सांगेन.

तर ज्या चौघांनी फोन केले त्यांच्यासाठी, आणि ज्यांची मुलं उद्या विचारतील त्यांच्यासाठी. पहिलं, कल्पना सांगू नका, त्रास विचारा, आणि झालेलाच विचारा. दुसरं, तो त्रास टाळायला लोक आज काय करतात ते पाहा. काहीच करत नसतील तर त्रास तेवढा मोठा नाही. तिसरं, वस्तू करण्याआधी तेच काम हाताने, वहीने, लाकडाच्या चौकटीने करून द्या. पिठाचा ब्रँड काढणाऱ्या मैत्रिणीला सांगतो, पाकिटं छापू नकोस, दहा घरांना महिनाभर पीठ घाल आणि दुसऱ्या महिन्याचं कोण स्वतःहून मागतं ते बघ. चौथं, कौतुक वहीत लिहू नका. चेक, आगाऊ रक्कम, दिलेला वेळ एवढंच लिहा. पाचवं, कुठे थांबायचं ते सुरुवातीलाच घरच्यांसमोर लिहून ठेवा. आणि मुलगा किंवा मुलगी कल्पना घेऊन आली तर 'नाही' म्हणू नका आणि जमीनही विकू नका. सहा आठवडे आणि परवडेल तेवढी रक्कम द्या, आणि चेक दाखव म्हणा.

आपले गणिताचे सर समोर बसले आहेत. सर, तुम्ही प्रत्येक गणिताखाली ताळा करायला लावायचात आणि मी नेहमी टाळायचो, कारण उत्तर बरोबरच आहे अशी माझी खात्री असायची. त्याबद्दल तुम्ही मला जेवढे फटके दिलेत, ते कमीच होते असं आता वाटतं.

शेवटी एक विनंती. त्या वीस डब्यांपैकी एक मी आज बरोबर आणली आहे, बाहेर नावनोंदणीच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना जरूर बघा. फक्त छान आहे असं म्हणू नका.